डोंगराचा आकडा

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात डोंगर सोबतीला येतात. आधी अंजनेरी, मग ब्रह्मगिरी. अंजनेरीचं नाव वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही आहे. २००६ साली खर्चुडीची एक नवी जात तिथून जगाला कळली आणि त्या नाजूक रोपाला डोंगराचंच नाव मिळालं, सेरोपेजिया अंजनेरिका. असं भाग्य सगळ्या डोंगरांचं नसतं. त्या रस्त्याच्या आसपास लहान डोंगर पुष्कळ आहेत. त्यांच्यावर किल्ला नाही, देऊळ नाही, रविवारी डबे घेऊन कुणी चढत नाही. ही गोष्ट तशाच एका डोंगराची आणि त्याला मोजायला गेलेल्या मुलीची.

मुलगी निफाडकडची होती. घरी द्राक्षबाग होती. नाशिकच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. तिच्या मॅडमनी तिला तो डोंगर दिला आणि सोबत ग्रंथालयातला एक जुना प्रबंध दिला. तीसेक वर्षांपूर्वी कुणा विद्यार्थ्याने त्याच डोंगराच्या सड्यावरच्या वनस्पती मोजल्या होत्या. प्रबंध टाइपरायटरवर टाइप केलेला होता, पानं पिवळी पडली होती. शेवटी सगळे कच्चे आकडे तक्त्यांत दिले होते. प्रत्येक शास्त्रीय नावासमोर त्या झाडाचं मराठी नाव शाईने लिहिलेलं होतं, कारण त्या टाइपरायटरवर देवनागरी नव्हती.

“तू पुन्हा मोज,” मॅडम म्हणाल्या, “आणि मला सांग, डोंगराचं काय झालं.”

मुलगी सप्टेंबरात डोंगरावर गेली. जुन्या विद्यार्थ्यानेही सप्टेंबरातच मोजणी केली होती. पाऊस ओसरत आला होता. सड्यावर सोनकी पिवळी फुलली होती, तेरडा होता, कवळा होता, उतारावर कारवी दाटली होती. पायथ्याच्या पाड्यावर एक आजी राहायची. मुलगी तिच्या पडवीत सामान ठेवायची आणि आजी तिच्याबरोबर वर यायची. शेळ्याही यायच्या.

मुलगी चार खुंट्या ठोकायची, दोरी बांधायची. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन तयार व्हायचा. मग ती गुडघ्यांवर बसून त्यातलं एकेक रोप मोजायची. नाव माहीत असेल तर लिहायची. नसेल तर फांदी कागदात दाबून घ्यायची आणि कॉलेजात जाऊन १९९१ साली निघालेल्या ‘फ्लोरा ऑफ नासिक डिस्ट्रिक्ट’मध्ये शोधायची. आजी शेजारी बसून प्रत्येक रोपाचं नाव सांगायची. हा टाकळा. हा कुर्डू. ही फोडशी, हिची भाजी करतात. मुलगी हो हो म्हणायची, पण वहीत शास्त्रीय नावच लिहायची. गावरान नावाचं काय करायचं? ते तर प्रत्येक तालुक्यात बदलतं.

“पयल्यासारखी फोडशी ऱ्हायली नाय पोरी,” आजी एकदा म्हणाली. “टावरचा रस्ता झाला आन् घाणेरीनं सारा काठ खाल्ला.”

मुलीने मान हलवली आणि पुढच्या चौकोनासाठी खुंटी ठोकली. म्हाताऱ्या माणसांना मागचं सगळं चांगलंच वाटतं, असं तिच्या मनात आलं.

मोजणी संपली. वही भरली. आता कॉम्प्युटरचं काम होतं आणि त्याची तिला धास्ती होती. मॅडमनी तिला ‘आर’ नावाची प्रणाली शिकायला सांगितली होती. ती न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी तयार केली. दोघांच्या पहिल्या नावाचं आद्याक्षर एकच, तेच तिचं नाव झालं. ती फुकट मिळते. तिच्यात वनस्पतींच्या मोजणीसाठी ‘व्हेगन’ नावाचा संच जोडता येतो. फिनलंडच्या यारी ओक्सानेन यांनी तो उभा केला, पुढे अनेकांनी वाढवला. तोही फुकट. फुकट असला तरी सोपा नव्हता. उघडल्यावर समोर एक कोरी पांढरी चौकट यायची आणि तिच्यात एक बाणासारखी खूण. काय हवं ते आपणच लिहायचं. बटणं दाबायची सवय असलेल्या माणसाला ती कोरी चौकट पाहूनच घाम फुटतो.

पहिला आठवडा लाल अक्षरांत गेला. स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरं. कंस राहिला की लाल अक्षरं. तक्ता कसाबसा आत गेला, तर उत्तराच्या जागी काहीच येईना. शेवटी कारण सापडलं. वहीत जे झाड चौकोनात नव्हतं त्याचा रकाना तिने रिकामा सोडला होता. माणसाला रिकामा रकाना पाहून कळतं की झाड नव्हतं. यंत्राला कळत नव्हतं. त्याच्या लेखी रिकामं म्हणजे माहीत नाही, आणि जिथे माहीत नाही तिथे ते बेरीज करायला तयार नव्हतं. मुलीने सगळीकडे शून्य भरले. भरता भरता तिला दोन-तीन जागा अशा दिसल्या, जिथे पावसाने वहीतली शाई पसरली होती आणि आकडा वाचताच येत नव्हता. तिथे शून्य लिहिणं खोटं झालं असतं. ते चौकोन तिने बाजूला काढले.

मग एका संध्याकाळी प्रयोगशाळेत सगळे गेल्यावर यंत्राने पहिलं सरळ उत्तर दिलं. तिने शॅननचा निर्देशांक मागितला होता. क्लॉड शॅनन हा अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधला गणिती. एखादा संदेश किती माहिती वाहून नेतो, याचं गणित त्याने १९४८ साली मांडलं. झाडं मोजणाऱ्यांनी ते उचललं. जाती जितक्या जास्त आणि त्यांची संख्या जितकी सारखी वाटलेली, तितका हा आकडा मोठा.

यंत्राने सांगितलं, २.४०.

मुलीने जुना प्रबंध उघडला. तिथे लिहिलं होतं, ३.४६.

तिच्या पोटात खड्डा पडला. तीस वर्षांत डोंगराची विविधता जवळजवळ एक तृतीयांशाने घटली होती. वाईट वाटता वाटता, खरं सांगायचं तर, तिला थोडा आनंदही झाला. प्रकल्पात काहीतरी सापडलं होतं. त्या रात्री तिने प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून काढलं. त्याचं शीर्षक होतं, ‘उजाड होत चाललेला डोंगर’.

मॅडमनी ते प्रकरण वाचलं. वाईट लिहिलंय असं त्या म्हणाल्या नाहीत आणि चांगलं लिहिलंय असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी जुन्या प्रबंधाची शेवटची पानं उघडली आणि बोट ठेवलं.

“हे त्याचे आकडे. तुझ्या यंत्राला दे.”

“पण मॅडम, त्याचं उत्तर त्याने दिलंच आहे.”

“त्याने कॅल्क्युलेटरवर काढलंय. तू यंत्रावर काढ.”

मुलीला ते फुकटचं काम वाटलं. तरी ती बसली. तीस वर्षांपूर्वीचे आकडे एकेक करून तिने तक्त्यात भरले. उत्तर मागितलं. यंत्राने सांगितलं, २.४०.

तिने पुन्हा तपासलं. पुन्हा २.४०.

जुन्या प्रबंधात एक साधा चौकोन होता. त्यात चारच जाती होत्या आणि प्रत्येकीची पाच-पाच रोपं होती. त्याचं उत्तर त्या विद्यार्थ्याने बरोबर २ काढलं होतं. यंत्र त्याच चौकोनाचं उत्तर १.३९ देत होतं. मुलगी कागद-पेन्सिल घेऊन बसली आणि ते गणित तिने हाताने सोडवलं. तेव्हा उलगडा झाला. शॅननच्या सूत्रात लॉगॅरिथम येतो. जुन्या विद्यार्थ्याने तो २ या पायावर घेतला होता. त्या काळी तशी पुष्कळ पुस्तकं होती. यंत्र मात्र, कुणी दुसरं काही सांगितलं नाही तर, नैसर्गिक लॉग घेतं. एकच अंतर एकाने मैलांत सांगावं आणि दुसऱ्याने किलोमीटरांत, तसं ते झालं होतं. तिने यंत्राला पाया २ घ्यायला सांगितलं. दोन्ही वर्षांचं उत्तर ३.४६ आलं.

मुलीने ‘उजाड होत चाललेला डोंगर’ हे प्रकरण फाडून टाकलं. नवं प्रकरण लिहिलं. तीस वर्षांत डोंगर जसाच्या तसा आहे, असं त्यात होतं. हे लिहिताना तिला हलकं वाटलं. बातमी चांगली होती.

आता दाबून ठेवलेल्या फांद्यांपैकी दोन-तीन ओळखायच्या राहिल्या होत्या, म्हणून ती पुन्हा पाड्यावर गेली. आजी ओसरीत बसली होती. मुलीने कौतुकाने सांगितलं की आजी, डोंगर आहे तसाच आहे, कॉम्प्युटरने सांगितलं.

आजीला राग आला नाही. ती हसली.

“मंग त्या कांपुटरला सांग, फोडशीची भाजी आणून दे मला.”

मुलगी परत आली ती हे वाक्य डोक्यात घेऊन. रात्री तिने तक्ता उघडला. आपल्या आकड्यांतला फोडशीचा रकाना काढला आणि सहज त्यावरचं नाव खोडून घाणेरीचं नाव लिहिलं. पुन्हा उत्तर मागितलं. आकडा हलला नाही. मग तिने तिथे ‘दगड’ असं लिहिलं. तरीही हलला नाही. यंत्राला नाव कुठलंही चालत होतं. किती प्रकार आहेत आणि प्रत्येकाची संख्या किती, एवढंच ते पाहत होतं. सबंध सड्यावरची फोडशी जाऊन तितकीच घाणेरी आली असती, तरी त्या निर्देशांकाने डोंगर जसाच्या तसा आहे असंच सांगितलं असतं.

आता काय करायचं ते तिला पुस्तकातून सापडलं. नावं पाहणारी मापंही असतात. रॉजर ब्रे आणि जॉन कर्टिस या दोघांनी विस्कॉन्सिनची जंगलं अभ्यासताना १९५७ साली वापरलेलं एक माप होतं. ते दोन जागा घेतं आणि एकेका नावाने ताडून पाहतं. दोन्हीकडे सगळं तेच असेल तर शून्य. काहीच जुळत नसेल तर एक. व्हेगनमध्ये ते तयार होतं. शिवाय त्या फरकांवरून सगळे चौकोन एका चित्रात ठिपक्यांसारखे मांडता यायचे, जे सारखे ते जवळ आणि जे वेगळे ते दूर. तिने जुने चौकोन निळे केले, नवे तांबडे केले आणि चित्र काढायला सांगितलं.

निळे ठिपके एका टोकाला गेले. तांबडे दुसऱ्या टोकाला. मध्ये नुसती पांढरी जागा.

मुलगी बराच वेळ पाहत राहिली. सगळं बदललं होतं. एकही तांबडा ठिपका निळ्याच्या जवळपास नव्हता. आधीच्या दोन फसगती नसत्या, तर तिने त्याच रात्री तिसरं प्रकरण लिहायला घेतलं असतं. या वेळी ती झोपून गेली. सकाळी उठून तिने दोन्ही वर्षांच्या नावांच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्या आणि वाचत गेली.

जुन्या यादीत कॅसिया टोरा होतं. तिच्या यादीत ते नव्हतं. तिच्या यादीत सेना टोरा होतं, ते जुन्या यादीत नव्हतं. तिची नजर शाईने लिहिलेल्या नावावर गेली. टाकळा. आजीने शंभरदा दाखवलेला टाकळा. जुन्या यादीत कार्व्हिया कॅलोसा, तिच्या यादीत स्ट्रोबिलँथस कॅलोसा, आणि शाईत लिहिलेलं, कारवी. जुन्या यादीत सेनेसिओ ग्रॅहमी, तिच्या यादीत सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, आणि शाईत, सोनकी. उतारावरच्या खैराचंही तेच. त्याचं अकेशिया हे नाव २००५ साली व्हिएन्नात भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेच्या निर्णयानंतर ऑस्ट्रेलियातल्या भाईबंदांकडे गेलं आणि आपला खैर सेनेगालिया झाला. डोंगरावर तो होता तिथेच उभा होता. शास्त्रज्ञांची नावं बदलण्यामागे कारणं असतात, आणि ती चांगली असतात. पण ती कारणं यंत्राला कुणी कळवली नव्हती. त्याला वेगळी अक्षरं दिसली, त्याने वेगळी झाडं धरली. तिच्या स्वतःच्या यादीत तर कुर्डू दोनदा होता. एका ठिकाणी नावाच्या शेवटी चुकून मोकळी जागा पडली होती आणि यंत्राने त्याच्या दोन जाती केल्या होत्या.

मुलीने दाबलेल्या फांद्यांचे कागद उचलले आणि ती पुन्हा पाड्यावर गेली. दिवसभर आजीच्या समोर बसली. एकेक कागद उघडायचा, आजीने नाव सांगायचं, मुलीने ते जुन्या प्रबंधातल्या शाईच्या नावाशी लावून पाहायचं. बहुतेक नावं चपखल जुळली. कवळ्यापाशी ती अडली. दोन वेगळ्या कागदांना आजी कवळाच म्हणत होती. मुलीने पानं आणि फुलं भिंगाखाली धरून पाहिली. ती दोन वेगळी झाडं होती.

“आमाला दोन्ही सारखीच,” आजी म्हणाली. “भाजी दोन्हीची व्हती.”

म्हणजे आजीची नावं घेऊन नुसतं चाललं नसतं आणि पुस्तकातली घेऊनही नुसतं चाललं नसतं. मुलीने तक्त्यात तीन रकाने ठेवले. प्रत्येक झाडाचं जुनं शास्त्रीय नाव, आताचं शास्त्रीय नाव आणि गावातलं नाव. हे काम कंटाळवाणं होतं. त्यात कसलंही गणित नव्हतं. प्रकल्पातला सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

मग तिने यंत्राला पुन्हा चित्र काढायला सांगितलं. या वेळी निळे आणि तांबडे ठिपके एकमेकांत मिसळले. पाण्याने भिजणारा सडा, मधला खडकाळ भाग, कारवीचा उतार, तीस वर्षांपूर्वी जसे होते तसेच एकमेकांशेजारी येऊन बसले. फक्त काही तांबडे ठिपके एका बाजूला सरकलेले होते. तिने त्यांचे क्रमांक वहीत शोधले. ते सगळे काठावरचे चौकोन होते, टॉवरसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्याच्या कडेचे. तिथे फोडशी नव्हती. घाणेरी होती. शोभेचं झुडूप म्हणून परदेशातून आपल्याकडे आणलेली घाणेरी उकरलेल्या मातीत लवकर रुजते. तिची काळी फळं पाखरं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात.

आजीने हे सप्टेंबरातच सांगितलं होतं. पण आजी म्हणाली होती, सारा काठ. मुलीच्या आकड्यांनुसार सारा काठ गेला नव्हता. रस्त्याच्या बाजूचा गेला होता, पलीकडचा शाबूत होता. आजी शेळ्या घेऊन रोज रस्त्यानेच वर यायची. तिला तोच काठ दिसायचा.

यंत्र तिन्ही वेळा खरं बोललं होतं. त्याला जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर त्याने दिलं, आणि उत्तर हातात आलं की मुलगी आपला प्रश्न विसरत होती. विविधता किती, असं विचारलं होतं तेव्हा कोणती झाडं, हे तिने विचारलंच नव्हतं. नावं जुळतात का, असं विचारलं तेव्हा झाडं जुळतात का, हा प्रश्न तिच्या मनातच राहिला होता. कोरी पांढरी चौकट पाहून तिला जी भीती वाटली होती, ती थोडी आणखी टिकली असती तर बरं झालं असतं.

प्रबंध तयार झाला. त्यात शॅननचा आकडा होता आणि त्याच्याशेजारी लॉगचा पाया लिहिलेला होता. सगळे कच्चे आकडे शेवटी होते, नावांच्या तीन रकान्यांसह.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. त्यांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, “एका वाक्यात सांग. विविधता वाढली की घटली?”

“सर, निर्देशांक तोच आहे,” मुलगी म्हणाली. “रस्त्याकडच्या काठावर फोडशी जाऊन घाणेरी आलीय. बाकीच्या सड्यावर झाडं तीच आहेत.”

“ही तीन वाक्यं झाली.”

“हो सर. एकात बसवलं होतं आधी. दोनदा चुकलं.”

परीक्षक हसले. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. परीक्षकांनी शेवटचा तक्ता उघडला आणि देवनागरी रकान्यावर बोट ठेवलं.

“हे कशाला? विश्लेषणात तर वापरलेलं दिसत नाही.”

“विश्लेषणाच्या आधी वापरलंय, सर. आणि पुढे कुणी हा डोंगर पुन्हा मोजेल तेव्हा शास्त्रीय नावं परत बदललेली असतील.”

परीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं की घाणेरी रस्त्यापासून आत किती मीटरपर्यंत शिरली आहे. ते मुलीने मोजलं नव्हतं. तिने तसं सांगितलं. चौकोन त्यासाठी आखलेच नव्हते, त्यासाठी रस्त्यापासून सरळ आत एक दोरी ताणत न्यावी लागेल आणि ठरावीक अंतरावर मोजावं लागेल, असंही सांगितलं.

“मग हे काम कधी करणार?”

“सप्टेंबरात,” मुलगी म्हणाली, आणि दोरी किती लांब लागेल याचा हिशेब तिने तिथेच कागदावर मांडायला घेतला.